रिमोट कुणाच्या हातात?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की ज्या सिरियलचा शेवट लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही ती आपण कशाला बघत बसायची, तर त्यावर पत्रं काय, मेल काय, निम्म्यांनी शाबासकी दिलीय आणि निम्म्यांनी चांगलंच खडसावलंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जागेत बसतील तेवढी घेतलीत. आधीच सांगून ठेवते, मी समीक्षक वगैरे कोणी नाही, बँकेतून रिटायर झालेली बाई आहे, टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता तेव्हापासून बघतेय, हसायचंही आणि रडायचंही.

ताई, डेली सोपना एवढं झोडपलंत, पण तुम्ही ज्या बारकाईने लिहिता त्यावरून वाटतं की रोज साडेसात ते साडेदहा तुम्हीच टीव्हीसमोर असता. खरं सांगा. — एक नियमित वाचक, डोंबिवली

खरंय. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, त्यांना सिरियल "ऐकायची" असते आणि मधेमधे मी सांगायचं असतं की कोण आलं, काय नेसलीय, रडतेय का नुसतंच तोंड वाकडं केलंय. म्हणजे मी घरातली रनिंग कॉमेंटेटर आहे. तेव्हा शिव्या द्यायचा पूर्ण अधिकार मला आहे, मी तो कमावलाय.

श्रीयुत गंगाधर टिपरे आणि प्रपंच बघत आम्ही मोठे झालो. तसं साधं, घरगुती, कोणी कोणाला विष न देणारं काही आता का येत नाही? लोकांना नको आहे की चॅनलला? जरा सविस्तर लिहा. — सांगलीहून एक शिक्षक

येत नाही कारण टिपरे आठवड्यातून एकदा यायचे. माझं उत्तर खरं तर इथेच संपलं, पण तुम्ही सविस्तर म्हणालात.

टिपरे 2001 ते 2005 अल्फा मराठीवर होते, तेव्हा झी मराठी हे नाव यायचं होतं. मूळ लिखाण दिलीप प्रभावळकरांचं स्वतःचं, पेपरातलं 'अनुदिनी' नावाचं सदर, मग त्याचं पुस्तक, आणि मग केदार शिंदेंनी त्याची सिरियल केली. म्हणजे कॅमेऱ्यासमोर यायच्या आधी ती माणसं कागदावर चांगली मुरलेली होती, लोणच्यासारखी. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका, बास पाच जण. एका भागात घडायचं काय तर काही नाही, घरात एखादी बारीकशी कुरबुर, कोणाच्या तरी डोक्यात काहीतरी खूळ, आणि रात्री आबा वही काढून लिहायला बसले की संपलं. व्हिलन नाही, खून नाही, जिन्यावरून कोणी पडत नाही. आबा झालेले प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते बरं का, 1944 चा जन्म, पण आमच्या सोसायटीतले खरे आजोबा त्यांच्यापुढे कच्चे वाटायचे. आणि हेच गृहस्थ सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर चिमणराव होते, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, काऊ, मोरू, मैना. आमच्या चाळीत एकच टीव्ही होता आणि चिमणरावच्या दिवशी त्या खोलीत चपला काढायलासुद्धा जागा नसायची, मी दाराच्या चौकटीत उभी राहून बघितलंय.

प्रपंच त्यांच्याही आधीचा, अल्फा सुरू झालं त्या सुमाराचा. प्रतिमा कुलकर्णींचा. सुधीर जोशी, रसिका जोशी, संजय मोने, भरत जाधव असे लोक एका घरात, समुद्राकाठचं ते घर आणि एकत्र कुटुंब म्हटल्यावर होणारी धुसफूस. त्यात दुःखही होतं, पण माणसं नॉर्मल आवाजात बोलायची हो. एकमेकांचं ऐकून घ्यायची. आता सिरियलमध्ये दोन माणसं बोलत असली की तिसरं पडद्याआडून ऐकत असतं आणि ऐकायचं ज्याला असतं ते सोडून बाकी सगळ्यांना ऐकू जातं.

आता हिशोब करा. डेली सोपचा एक भाग जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटं, आठवड्याला सहा भाग, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास. एक अख्खा सिनेमा दर आठवड्याला लिहायचा, शूट करायचा, कापायचा, आणि पुढच्या आठवड्याला परत. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि वर चॅनलचं मत. एवढ्या घाईत रडारड लिहिता येते कारण रडणं ताणलं तरी चालतं, खिडकीत उभं राहून आठवणींचा फ्लॅशबॅक लावला की तीन मिनिटं गेली. विनोद तसा लांबवता येत नाही. शिऱ्याने काहीतरी घोळ केलाय हे पंधरा भाग चाललं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात की आता त्याला कानफटवा आणि मिटवा. हिंदीतही बघा ना, साराभाई वर्सेस साराभाई 2004 ते 2006, तीही आठवड्याचीच, तेव्हा टीआरपी, म्हणजे किती घरं बघतायत तो आकडा, काही बरे नव्हते आणि आज लोक मोबाइलवर तिचे तुकडे पाठवत बसतात.

पण सगळा दोष डेलीच्या माथी मारणंही बरोबर नाही. एका लग्नाची दुसरी गोष्ट डेलीच होती, 2012 मध्ये आली आणि त्याच वर्षी संपली, लोक मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशीसाठी वेडे झाले होते तेव्हाच. सतीश राजवाडेंना गोष्ट कुठे न्यायचीय ते माहीत होतं. स्पृहा जोशीच्या कुहूच्या त्या भयाण कविता आठवतात ना, हसून पुरेवाट. दिल दोस्ती दुनियादारी पण तशीच, 2015 ला सुरू झाली, पुढच्या फेब्रुवारीत बंद, रात्री साडेदहाला लागायची आणि माझा मुलगा, जो मराठी चॅनलकडे ढुंकूनही बघत नसे, तो जेवणाचं ताट घेऊन समोर यायचा. याच्या उलट होणार सून मी ह्या घरची. 2013 ला आली तेव्हा किती गोड होती, त्या सहा सासवा, रोहिणी हट्टंगडींची आजी, आणि मग नायिका जान्हवीचं ते संपता संपेना असं बाळंतपण. अख्ख्या महाराष्ट्राने त्यावर जोक केले. माझ्या मैत्रिणीची सून जान्हवीच्या नंतर गरोदर राहिली आणि आधी बाळंत झाली, हे मी शपथेवर सांगते.

तर लोकांना नको आहे असं नाही. पण टिपरे बघायला खाली बसावं लागायचं, डोळे तिकडे लावावे लागायचे, आबांच्या चेहऱ्यावरची ती अर्धी रेष सुटली की विनोद गेला. आताची सिरियल पोळ्या लाटता लाटता बघायची गोष्ट झालीय. त्याबद्दल पुढच्या पत्रात येतंच.

मी इंजिनिअरिंगला आहे, आईमुळे नाइलाजाने सिरियल कानावर पडतात. कोणी काही बोललं की ढॅण ढॅण ढॅण होऊन एकाच माणसाचं तोंड तीन वेळा का दाखवतात? पहिल्यांदा दिसलेलं नसतं का? — नाशिक

अरे बाळा, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे, "कानावर पडतात". तुझी आई सिरियल बघत नाहीये, ती ऐकतेय. तिचे हात कणकेत आहेत, पाठ टीव्हीकडे आहे, आणि ते ढॅण म्हणजे तिला दिलेली हाक आहे की बाई गं, मान वळव, काहीतरी झालंय. मान वळवेपर्यंत पहिलं तोंड गेलेलं असतं म्हणून दुसऱ्यांदा दाखवतात, आणि कुकरची शिट्टी झाली असेल तर तिसऱ्यांदा. हे मला सासूबाईंमुळे कळलं. त्यांना दिसत नाही तरी एकही ट्रॅक चुकत नाही, कारण सिरियलमधली माणसं मनातलंसुद्धा मोठ्याने बोलतात, एकमेकांना वाक्यावाक्याला नावानिशी हाक मारतात, आणि दुष्ट बाई आली की तिचं वेगळं म्युझिक वाजतं. चांगल्या श्रुतिका असायच्या रेडिओवर, तसंच आहे ते. फक्त चित्र फुकट दिलंय.

दुसरं कारण साधं आहे, वेळ भरायचा असतो. एका तासाला बारा मिनिटं जाहिराती, त्यात चॅनलच्या स्वतःच्या जाहिराती धरून, असा नियम आहे. मग काल काय झालं ते दाखवा, उद्या काय होणार ते दाखवा, राहिलं त्यात एक सीन. हळदीकुंकवाचा असेल तर चौदा बायका, प्रत्येकीचं तोंड दोनदा, झाला भाग. शूट केलेल्या भागांची बँक असते सेटवर, चार-पाच दिवसांची असली तर निभावतं, ती संपली की सकाळी शूट आणि रात्री टेलिकास्ट अशी धावपळ, तेव्हा तोंडं जास्त दिसतात, लक्ष ठेवून बघ.

आणि तिसरं, गुरुवार. गुरुवारी टीआरपी येतात. देशभरात अठ्ठावन्न हजारांच्या आसपास घरांत ते मोजणारे मीटर बसवलेत म्हणे, एवढ्या मोठ्या देशात, आमच्या ओळखीत तर एकाच्याही घरी नाही, पण गुरुवारी आकडा खाली आला की पुढच्या आठवड्यात कोणाचा तरी अॅक्सिडेंट होणार हे सासूबाई हमखास सांगतात. त्यांचं अजून चुकलेलं नाही.

माझी आई आई कुठे काय करते पहिल्या दिवसापासून बघायची. संपली तेव्हा ती खरंच रडली. मी चिडवलं तर दोन दिवस बोलली नाही. एवढं काय होतं त्यात? — लातूरहून एक मुलगी

आधी आईची माफी माग, मग पुढचं वाच.

2019 च्या डिसेंबरात सुरू झाली ती, मूळ बंगाली, तिकडची श्रीमयी, आणि हिंदीतली अनुपमा त्याच मुळाची, ती आपल्यानंतर आली. पहिलं वर्ष बघताना मला घशात दाटून यायचं, त्यात मोठं काही घडायचं म्हणून नाही, अरुंधती, म्हणजे त्यातली आई, सगळ्यांना वाढून शेवटी उभ्याउभ्या खायची म्हणून. मधुराणी प्रभुलकरने ते कुठेही ओरडून केलं नाही. नवऱ्याची भानगड, घटस्फोट हे सगळं सिरियलींत असतंच, पण पंचवीस वर्षं संसार केल्यावर या बाईला स्वतःचं गाणं, स्वतःचे चार पैसे, स्वतःचं घर हवंसं वाटतं, हे आमच्या पिढीच्या बायकांनी पहिल्यांदा रोज संध्याकाळी हॉलमध्ये बसून, सासू-नवऱ्यासकट, बघितलं. माझ्या एका मैत्रिणीने साठाव्या वर्षी बँकेत स्वतःच्या एकटीच्या नावावर खातं काढलं आणि कारण विचारलं तर म्हणाली सहज.

पण नंतर या सिरियलचीही तीच, ताणत नेण्याची गत झाली, तुझ्या आईलाही मनातून माहिती असणार. अरुंधतीने दुसरं लग्न केलं, तो आशुतोष चांगला माणूस होता, तर त्याला मारलं. का मारलं? कारण सुखी अरुंधतीचं करायचं काय हे कोणाला सुचेना. मग वेळ बदलली, शेवटी दुपारी गेली, आणि 2024 च्या नोव्हेंबरला संपली. जवळजवळ पाच वर्षं. दोन वर्षांत संपली असती तर मी तिला सगळ्यात वर ठेवलं असतं. तरीसुद्धा पाच वर्षं रोज घरी येणारी बाई एक दिवस यायची बंद झाली तर माणूस रडणारच ना, मोलकरीण सोडून गेली तरी आपण रडतो.

हास्यजत्रा विरुद्ध चला हवा येऊ द्या, एकदाचा निकाल लावा. आमच्या ऑफिसात दोन गट पडलेत. आणि पुरुषांनी साडी नेसून केलेली कॉमेडी तुम्हाला चालते का? — पुण्याहून

निकाल लावते. पहिली दोन-तीन वर्षं हवा येऊ द्या, त्यानंतर हास्यजत्रा. झालं?

हवा येऊ द्या 2014 ला आलं तेव्हा ते थुकरटवाडी नावाच्या काल्पनिक गावाचं प्रकरण खरंच ताजं होतं, निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे. भाऊ कदम नुसता येऊन उभा राहिला तरी हसू यायचं, काही न करता हसवणारा माणूस फार दुर्मिळ. सागर कारंडेच्या पोस्टमनची पत्रं आठवा, मधेच सगळ्यांना गप्प करायचा. पण मग दर आठवड्याला नवीन सिनेमाचं प्रमोशन, पाहुणे सोफ्यावर, आणि कलाकारांनी त्यांच्या सिनेमाची नक्कल करायची, पाहुण्यांनी पोट धरून हसल्यासारखं करायचं. तिथे माझं मन उडालं.

हास्यजत्रेत, सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी 2018 पासून चालवलंय ते, लिखाण दिसतं. समीर चौघुले एखादा शब्द असा काही तोंडात घोळवतो की वाक्य साधं असलं तरी माणूस खुर्चीवरून पडतो, आणि नम्रता संभेराव, अगदी दोन मिनिटांच्या कामातसुद्धा चालणं-बोलणं बदलून येते. ओंकार भोजनेचं "अगं अगं आई" आमच्या सोसायटीतली पोरं अजून म्हणतात. पण आता तिथेही थकवा जाणवतो मला. शेवटी हे स्किट आहे, दहा-पंधरा मिनिटांत सुरू होऊन संपायचं, त्यात माणसं वाढत नाहीत, पुढच्या आठवड्यात तोच कलाकार वेगळी टोपी घालून येतो. मघाशी सांगलीच्या सरांना म्हटलं तेच, आपला विनोद घरातून उठून स्टेजवर गेला, आणि घरात फक्त भांडणं राहिली.

साडीचं म्हणाल तर, आपल्याकडे बालगंधर्वांपासूनची परंपरा आहे, त्यांनी नेसलेल्या साड्या बायका बघून नेसायच्या. म्हणजे साडीचा प्रॉब्लेम नाही. नटाने बाईचं चालणं, बोलणं, मान वेळावणं बघितलं असेल, त्या बाईला एक स्वभाव दिला असेल, तर मी टाळ्या वाजवीन. पण नुसतं उशा कोंबून आलाय आणि दाढीचे खुंट दिसतायत हाच जोक असेल, तर तो पहिल्या दहा सेकंदांत संपतो आणि उरलेली नऊ मिनिटं मी चहा टाकायला जाते. जाड माणसाला जाड आणि काळ्याला काळा म्हणून हसणं, तेही तसंच. ज्याला म्हणतात तो समोर बसून हसत असतो हे मला माहितीये. हसल्याशिवाय करेल काय.

रात्रीस खेळ चाले ने कोकणाची बदनामी केली की जाहिरात? आमच्याकडे यावर अजून वाद होतत. — कुडाळ

दोन्ही केलं ना! 2016 ला पहिलं पर्व आलं तेव्हा तुमच्याच लोकांनी आक्षेप घेतला होता की कोकण म्हणजे भुतंखेतं आणि करणी असं दाखवतायत, आणि नंतर आकेरीचा तो वाडा बघायला गाड्या भरभरून लोक यायला लागले. माझं माहेर चिपळूणचं, मालवणी मला सगळी कळते असं नाही, पण प्रल्हाद कुडतरकरांनी लिहिलेली ती भाषा कानाला खरी वाटायची. ते स्वतः विसराळू पांडू झाले होते, त्याचं ते "इसारलंय", म्हणजे विसरलो, ऐकून सासूबाई हसायच्या आणि पाच मिनिटांनी त्यांचीच गोळी घ्यायची राहून जायची. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी रंगभूमीवर गाजवली, पण टीव्हीवर नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत लोक रोज मालवणी ऐकतायत हे या सिरियलने केलं.

आणि दुसऱ्या पर्वात, 2019 ला, तर भूत बाजूलाच राहिलं, वाड्याचे मालक अण्णा आणि त्यांची ती शेवंता. माधव अभ्यंकरांनी एवढा वाईट माणूस एवढा बघणेबल केला की माझ्या सभ्य मैत्रिणी वाट बघत बसायच्या आणि वर "काय मेला निर्लज्ज" म्हणायच्या. तुमच्याकडे वाद होतत ते होऊ देत. माझी तक्रार फक्त तिसऱ्या पर्वाबद्दल आहे, मेलेल्याला किती वेळा उठवायचं याला भुताच्या सिरियलमध्येसुद्धा मर्यादा असते.

(जाता जाता, 2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा बरीच युनिटं गोव्यात गेली होती, आठवतं का? जी सासू पाच वर्षांत गेटबाहेर पडली नव्हती ती एकाएकी माडांखाली उभी राहून कारस्थान करायला लागली. मला त्या दिवसांतल्या सिरियल फार आवडल्या, निदान हवा तरी खेळती होती.)

आम्ही न्यू जर्सीला असतो, अॅपवर निवांत रात्री बघतो. पण आई पुण्याहून फोन करून सगळं आधीच सांगून टाकते. काय करावं?

आईला बोलू द्या. ती सांगते तेच जास्त चांगलं असतं, सिरियल नंतर नाही बघितली तरी चालेल.

आयपीएल आणि सिरियल एकाच वेळी. घरात एक टीव्ही. नवऱ्याला काय सांगू? — ठाणे

मॅच संपते आणि कोणीतरी जिंकतं, सिरियल उद्याही तिथेच असते, तेव्हा खरं तर दोन महिने रिमोट त्यांच्याकडे देऊन टाकायला हरकत नाही. पण हे त्यांना सांगू नका.

तुमच्या सासूबाईंची सध्याची आवडती सिरियल कोणती? मागे एकदा तुम्ही त्यांचा उल्लेख केला होतात तेव्हापासून उत्सुकता आहे. — कोल्हापूरच्या दोघी बहिणी

ठरलं तर मग. 2022 च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. नायिका सायली हीच लहानपणी हरवलेली खरी तन्वी हे आपल्याला पहिल्यापासून माहीत, आणि घरातल्यांना वर्षानुवर्षं पत्ता नाही, यावर मी एकदा वैतागून म्हटलं की आई, एवढे सगळे आंधळे कसे असतील एका घरात. तर म्हणाल्या, अगं मला दिसत नाही तरी कळलं, त्यांना दिसतं ना, म्हणून नाही कळत. आणि आवाज वाढव जरा.